विणलेली जमीन : प्रवाळद्वीपांच्या शेतीकडे वळताना

ज्या बेटावर नदी नाही, ओढा नाही, डोंगर नाही आणि खणावे तिथे प्रवाळाची पांढरी वाळू लागते, तिथली माणसे काय पिकवत असतील? प्रशांत महासागरातल्या किरिबाटी आणि तुवालू या देशांत हा प्रश्न रोजच्या जेवणाचा आहे. तिथे शतकानुशतके शेती होत आली आहे, आणि आपला अभ्यास तिच्यापासूनच सुरू व्हायला हवा.

आधी पाणी समजून घ्यावे. ही बेटे समुद्रसपाटीपासून जेमतेम दोन-तीन मीटर उंच. पावसाचे पाणी वाळूतून झिरपते आणि खालच्या जड, खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर तरंगत राहतो. उपसा वाढला की खालून खारे पाणी वर चढते. वादळी लाटा बेटावर चढल्या की वरून मीठ शिरते. २०१५च्या पाम चक्रीवादळात तुवालूच्या नुई बेटावरील लागवडीचे असेच नुकसान झाले.

किरिबाटीचे लोक या गोड्या पाण्यापर्यंत मोठा खड्डा खणतात आणि त्याच्या तळाशी बाबाई लावतात. बाबाई हा आपल्या अळूच्या कुळातला, पण माणसाच्या डोक्यावरून पाने जाणारा दलदलीतला कंद. तुवालूत त्यालाच पुलाका म्हणतात. रोपाभोवती केवड्याच्या कुळातल्या झाडाच्या किंवा माडाच्या पात्यांची बिनबुडाची टोपली विणायची, तिच्यात चुरलेला पाला आणि काळी माती भरायची, पाला कुजून खाली बसला की पुन्हा भर घालायची. पाला कोणत्या झाडाचा, भर केव्हा घालायची, हे प्रत्येक कुटुंबाचे राखलेले ज्ञान. ते सहजासहजी कुणाला सांगितले जात नाही. चुनखडीच्या मातीत पिकाला लोह मिळत नाही आणि पाने पिवळी पडतात, म्हणून लागवडीच्या खड्ड्यात गंजके डबे पुरण्याचीही रीत आहे. या साऱ्या विषयात मला ती टोपली सर्वांत मोलाची वाटते. तिथे सुपीक जमीन आयती मिळत नाही, ती विणून आणि भरून करावी लागते.

मात्र बाबाई तयार व्हायला दोन-तीन वर्षे जातात, सणासमारंभाचे कंद तर त्याहून कितीतरी जास्त काळ राखतात. तांदळाचे पोते जहाजातून उतरते आणि त्याच दिवशी शिजते. किरिबाटीची निम्म्याहून अधिक लोकसंख्या आता दक्षिण तारावाच्या चिंचोळ्या पट्टीत दाटली आहे. तिथे खड्ड्यांना जागा नाही, भूजल दूषित झाले आहे. आयात तांदूळ, मैदा आणि साखर यांवर पोसलेल्या या समाजात मधुमेह फार पसरला आहे. म्हणून अन्नसुरक्षा नुसत्या पोटभर उष्मांकांवर मोजू नये.

मायक्रोनेशियातल्या पोनपेई बेटावरचे ‘करात’ केळे हेच शिकवते. त्याचा गर केशरी, ज्यापासून शरीरात ‘अ’ जीवनसत्त्व बनते त्या बीटा-कॅरोटिनने भरलेला. संशोधक लोइस एंग्लबर्गर यांनी तो अभ्यासला आणि मागे पडलेले ते केळे पुन्हा लोकांच्या ताटात यावे म्हणून झटल्या. वाणांची विविधता पीक वाचवायलाही लागते. सामोआत १९९३मध्ये करप्याने अळूची शेती जवळजवळ बुडाली; पुढे प्रशांत आणि आशियाई वाणांचा संकर करून, शेतकऱ्यांनी स्वतःच्या शेतात पारखून, रोग सोसणारे वाण निवडले. ही विविधता जपणारा फिजीतील सुवा येथील संग्रह अशा वेळी किती कामाचा, हे वेगळे सांगायला नको.

अळू, नीरफणस, माड ही बेटांवरची पिके कोकणच्या विद्यार्थ्याला परकी नाहीत. कंदपिकांवर काम करणाऱ्या आपल्या तरुण संशोधकांनी या विषयाकडे जरूर यावे. तिथे गेल्यावर बियाण्याचे पाकीट उघडण्याआधी बेटावरच्या विहिरींची क्षारता मोजावी, आणि खड्ड्यात उतरून ज्यांनी टोपली विणली त्यांना पहिला प्रश्न विचारावा.