सागर नसलेल्या मुलखातील एकट्याची नाव

वऱ्हाडचा आणि समुद्राचा संबंध काय, असा प्रश्न कोणी केला तर आपण हसून तो सोडून देऊ. अमरावती काय किंवा अकोला काय, येथून समुद्रकिनारा शेकडो किलोमीटर दूर आहे. आठवड्याच्या बाजारात गोणपाटावर मांडलेली सुकट आणि सुके बोंबील एवढीच काय ती समुद्राची आणि आपली ओळख. तरीही भूगोलाने आपल्याला समुद्राशी दोन्ही बाजूंनी बांधून ठेवले आहे. सातपुड्यात उगम पावणारी पूर्णा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून वाहत चांगदेवजवळ तापीला मिळते आणि तिचे पाणी सुरतेपाशी अरबी समुद्रात जाते. अमरावती जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरील वर्धेचे पाणी मात्र प्राणहिता-गोदावरीच्या वाटेने बंगालच्या उपसागराला भेटते. एकाच जिल्ह्याच्या अंगणात पडलेला पाऊस दोन समुद्रांना वाटला जातो. शिवाय पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात जमिनीखालचे पाणीही खारे. समुद्र नाही, पण त्याची चव आहे!

आणि एक ‘सागर’ तर आपल्या घरचाच आहे. मोर्शी तालुक्यातील सिंभोऱ्याजवळ वर्धा नदी अडवून बांधलेल्या ऊर्ध्व वर्धा धरणाच्या जलाशयाला नल-दमयंती सागर असे नाव आहे. अमरावतीकरांच्या नळाला येणारे पाणी तेथूनच येते. अशा जलाशयाच्या काठी पहाटे उभे राहिले म्हणजे दूरवर पाण्यावर एक काळा ठिपका हलताना दिसतो. तो जवळ येतो, तेव्हा कळते की तो एक माणूस आहे. होडी जवळजवळ नाहीच. थर्माकोलचे तुकडे एकावर एक रचून, दोरीने आवळून आणि प्लास्टिकच्या कापडात गुंडाळून केलेला हात-दोन हात रुंदीचा तराफा, किंवा मालमोटारीच्या चाकाची फुगवलेली ट्यूब. त्यावर मांडी घालून बसलेला मच्छीमार हातातील छोट्या फळ्यांनी पाणी मागे सारत येतो. सायंकाळी लावलेली जाळी त्याने अंधारातच उचललेली असतात. आम्ही हे दृश्य अनेकदा पाहिले, परंतु त्याला काही इतिहास असेल असे आमच्या मनात फार उशिरा आले.

माणसाने एकट्यासाठी केलेली नाव ही फार जुनी वस्तू आहे. तिचे सर्वांत प्रसिद्ध रूप म्हणजे उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट लोकांचे कयाक. ज्या प्रदेशात झाड उगवत नाही, तेथे समुद्राने वाहून आणलेली लाकडे आणि प्राण्यांची हाडे यांचा सांगाडा करून त्यावर सीलचे कातडे ताणून बसवत. ते कातडे स्त्रिया अशा कौशल्याने शिवत की टाक्यातून पाण्याचा थेंब आत येऊ नये. नावेचे माप बसणाऱ्याच्या शरीरावरूनच घेत. शिंप्याने अंगरखा बेतावा तशी ती नाव एका माणसासाठी बेतलेली असे. नाव उलटली तर आतल्या आत वल्ह्याच्या एका फटक्याने पुन्हा सरळ होण्याची विद्या तरुणांना शिकावी लागे, कारण त्या बर्फाळ पाण्यात दुसरी संधी मिळत नसे. सील मारणे आणि मासे धरणे हाच या नावेचा मूळ हेतू होता. क्रीडा म्हणून तिचा जन्म झालेला नाही. ती भुकेची लेक आहे.

आपल्या देशातही तिची भावंडे आहेत. तामिळ किनाऱ्यावरचे कट्टुमरम म्हणजे शब्दशः ‘बांधलेली लाकडे’. चार-सहा ओंडके दोरीने एकत्र बांधले की नाव तयार, आणि किनाऱ्याला आल्यावर दोरी सोडली की लाकडे वाळायला मोकळी. आपल्या कोकणात एका बाजूला उलांडी लावलेल्या लहान होड्या एक-दोन माणसांना घेऊन लाटांवर जात आल्या. पुढे यंत्रनौका आणि ट्रॉलर आले, तेव्हा या लहान नावांच्या पोटावर पाय आला. गोव्यात १९७० च्या दशकात रापणकारांनी त्याविरुद्ध मोठे आंदोलन उभारले. १९८१ मध्ये महाराष्ट्रानेही सागरी मासेमारीचे नियमन करणारा कायदा केला. मोठ्या नावेने लहान नावेला किती जागा ठेवायची, हा त्या साऱ्या झगड्याचा गाभा होता.

वऱ्हाडातील मच्छीमाराची कथा मात्र वेगळी आहे. येथे हे काम मुख्यतः भोई आणि ढीवर समाजाचे. पाणी आणि पालखी हे भोयांचे दोन आधार. श्रीमंतांच्या पालख्या, मेणे खांद्यावर वाहायचे आणि उरलेल्या दिवसांत नदीच्या डोहात मासे धरायचे. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोला आणि बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचला. कापसाच्या गाठी समुद्राकडे धावू लागल्या आणि त्याच वेगाने पालखीचे दिवस सरू लागले. आगगाडीने वऱ्हाडला श्रीमंती दिली असे आपण शाळेत शिकलो. तिने कोणाच्या खांद्यावरची रोजी उतरवली, हे शिकलो नाही. उरले ते पाणी. डोहातले मरळ आणि वाम, तळ्यातला शिंगाडा, आणि उन्हाळ्यात नदी आटली की वाळूत लावलेली टरबुजे व काकड्या. त्या काळी या मच्छीमाराला नावेची फारशी गरज नव्हती. कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून जाळे फेकता येत असे. नदीचा प्रत्येक खळगा त्याच्या पायाला ठाऊक होता.

स्वातंत्र्यानंतर धरणे झाली. अकोल्याची तहान भागवणारे महानचे काटेपूर्णा धरण १९७० च्या दशकातले, तर ऊर्ध्व वर्धा १९९० च्या दशकातले. धरणांनी शेतीला आणि शहरांना पाणी दिले, हे उपकार मोठेच आहेत. परंतु मच्छीमाराच्या पायाखालची नदी मात्र त्यात बुडाली. जेथे तो उभा राहत असे तेथे आता कित्येक पुरुष खोल पाणी. पायाचे ज्ञान निरुपयोगी ठरले आणि त्याला पाण्यावर तरंगणे भाग पडले.

मासेही बदलले. रोहू, कटला आणि मृगळ हे मोठे मासे पावसाळ्यातील वाहत्या नदीतच अंडी घालतात. साचलेल्या पाण्यात त्यांची वीण होत नाही. म्हणून पूर्वी नद्यांतून त्यांचे बीज गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओरिसात माशांना पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून बंदिस्त पाण्यात त्यांची वीण घडवून आणली. देशभर हा दिवस आता मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. त्या शोधामुळेच मत्स्यबीज केंद्रांतून बोटभर पिले आणून जलाशयात सोडणे शक्य झाले. मच्छीमारांच्या सहकारी संस्था झाल्या, जलाशयांचे ठेके त्यांना मिळू लागले. मासा शास्त्राने दिला, पाणी शासनाने दिले. नाव मात्र मच्छीमाराने स्वतःच शोधायची होती. लाकडी होडीला पैसा लागतो. थर्माकोल वेष्टनाच्या कचऱ्यातून मिळतो आणि जुनी ट्यूब स्वस्तात पडते. इन्युइटांनी वाहून आलेली लाकडे वेचली, आपल्या भोयांनी शहराने टाकून दिलेला माल वेचला. बुद्धी तीच, गरजही तीच.

परंतु जगाची नजर दोघांकडे सारखी नाही. कयाक आज फायबर व प्लास्टिकचे होऊन जगभरच्या हौशी लोकांचे आवडते वाहन झाले आहे. त्यात बसून समुद्रात मासे धरणे हा परदेशात लोकप्रिय छंद आहे. आपल्या कौस्तुभ खाडे यांनी २०१५-१६ मध्ये द्वारकेपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे ३००० किलोमीटरचा किनारा कयाकने पार केला, आणि त्यांच्या धैर्याचे कौतुक झाले, ते योग्यच झाले. पण रोज पहाटे एकट्याने जलाशयात शिरणाऱ्या आमच्या भोईबांधवाला धाडसी कोणी म्हटले नाही. वाऱ्याने तराफा उलटला, पाय जाळ्यात अडकला, तर वर्तमानपत्रात चार ओळी येतात. हौशी माणूस जीवरक्षक जाकीट घातल्यावाचून पाण्यात उतरत नाही. ज्याचे सारे आयुष्य पाण्यावर जाते त्याच्या अंगावर बहुधा साधा सदराच असतो. आम्हीही त्याच्याकडून रोहू घेताना दहा रुपयांसाठी घासाघीस केली आहे. ‘दादा, तुमच्यापाशी जाकीट आहे का?’ असे एकदाही विचारले नाही.

वाचकहो, आपण शुभवर्तमानात गालीलच्या समुद्राविषयी लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण तो खरोखरीचा समुद्र नव्हे. सुमारे २१ किलोमीटर लांबीचे ते गोड्या पाण्याचे सरोवर आहे, आणि संत लूक तर त्याला सरोवरच म्हणतो. १९८६ मध्ये अवर्षणाने त्याचे पाणी ओसरले, तेव्हा गिनोसर वस्तीतील दोन मच्छीमार बंधूंना चिखलात एक नाव सापडली. ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची, म्हणजे प्रभू येशूच्या काळाच्या आसपासची निघाली. लांबी आठ मीटरांहून थोडी अधिक, रुंदी सव्वादोन मीटरांच्या आसपास. तज्ज्ञांनी पाहिले तो तिच्यात दहा-बारा जातींचे लाकूड! जुन्या नावांच्या फळ्या, हाताला लागतील ते तुकडे जोडून तिच्या मालकाने ती पुन्हा पुन्हा दुरुस्त केली होती. चांगले लाकूड घेण्याची त्याची ऐपत नव्हती, किंवा ते मिळत नव्हते. रात्रभर कष्ट करून रिकामी जाळी धुणारा पेत्र आणि त्याचे सोबती अशाच कोणा ठिगळांच्या नावेतून जात असतील.

ती नाव आज जतन करून संग्रहालयात ठेवली आहे आणि दूरदूरचे यात्रेकरू तिच्यापुढे हात जोडून उभे राहतात. नल-दमयंती सागरावरचा थर्माकोलचा तराफा दोन हजार वर्षे टिकणार नाही. तो दोन पावसाळेसुद्धा टिकत नाही. म्हणून त्याच्यावर बसलेल्या माणसाची ओळख आपण आजच करून घेतली पाहिजे. पुढच्या वेळी बाजारात त्याच्यासमोर उभे राहू, तेव्हा माशाचा भाव विचारण्याआधी पाण्याची हकीकत विचारू. वऱ्हाडच्या इतिहासाचे एक न लिहिलेले पान तेथे उघडे पडलेले असते.