ब्राउझर का कोसळला? परक्या यंत्रासाठी बांधलेल्या प्रोग्रामांचा इतिहास

१/ २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ब्रिटनमधील रास्पबेरी पाय फाउंडेशनने एटीएम कार्डाएवढा संगणक विक्रीस आणला. किंमत ३५ डॉलर, मेमरी २५६ मेगाबाइट. मुलांच्या हाती स्वस्त संगणक यावा, हा त्यामागील हेतू. परंतु मोठ्या संगणकावर बांधलेला ब्राउझर या यंत्रावर आणला, की पुष्कळदा पडद्यावर दोनच शब्द उमटत: 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन'. बांधणीच्या वेळी एकही तक्रार आलेली नसे, तरी प्रोग्राम पहिल्याच पावलाला कोसळे. असे का होई, याचा हा धागा.

२/ ब्राउझर म्हणजे लाखो ओळींचा प्रोग्राम. त्याचे सर्व भाग शेवटी एकत्र जोडतानाच काही गिगाबाइट मेमरी लागते. पायसारख्या यंत्राला ते झेपत नाही. म्हणून बांधणी एका यंत्रावर करायची आणि प्रोग्राम चालवायचा दुसऱ्यावर. यालाच क्रॉस-कम्पायलिंग म्हणतात. बांधणारे यंत्र यजमान, चालवणारे यंत्र लक्ष्य. यजमान यंत्राची एखादी सवय प्रोग्रामबरोबर नकळत प्रवास करते आणि परमुलखात घात करते.

३/ ही पद्धत जुनी आहे. जानेवारी १९७५ च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० हा संगणक झळकला. बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांच्यापाशी तो नव्हता. ॲलन यांनी हार्वर्डच्या पीडीपी-१० संगणकावर अल्टेअरच्या ८०८० प्रोसेसरची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम लिहिला आणि तिच्या आधारे बेसिक भाषा तयार झाली. ॲलन कागदी फीत घेऊन अल्बुकर्कीला निघाले. फीत वाचून घेणारा छोटा प्रोग्राम लिहायचा राहून गेल्याचे त्यांना विमानात आठवले, तो त्यांनी तेथेच लिहिला. खऱ्या अल्टेअरवर बेसिक चालले. नकलेत एखादी सूचना चुकली असती, तर इतिहास वेगळा झाला असता.

४/ ब्राउझरांचा प्रवास नंतरचा. केडीई प्रकल्पातील स्वयंसेवकांनी लिनक्ससाठी केएचटीएमएल हे इंजिन लिहिले. ॲपलने त्यावरून ७ जानेवारी २००३ रोजी सफारी जाहीर केला. जून २००५ मध्ये वेबकिट खुले झाले आणि त्याच महिन्यात नोकियाने त्याच्या गाभ्यावर आधारलेला फोनचा ब्राउझर घोषित केला. टेबलावरच्या संगणकासाठी जन्मलेले इंजिन खिशातल्या आर्म प्रोसेसरवर आले. सामान हलले, त्याबरोबर सवयीही हलल्या. त्या कोठे आडव्या आल्या, हे कोसळताना मिळणाऱ्या सिग्नलच्या क्रमांकावरून कळते. लिनक्सवरचे असे चार क्रमांक पाहू.

५/ क्रमांक ४, म्हणजे न कळणारी सूचना. आर्म प्रोसेसरांच्या पिढ्या आहेत. पहिल्या पायमधील आर्म ११७६ हा सहाव्या पिढीचा, म्हणजे व्ही६. डेबियनने आपली नवी 'आर्मएचएफ' आवृत्ती मात्र व्ही७ पासून पुढे आखली होती. तिच्या कम्पायलरने काढलेल्या सूचनांमध्ये सोळा बिटांचा आकडा एका फटक्यात रजिस्टरमध्ये ठेवणारी 'मूव्हीडब्ल्यू' असे. ११७६ ला ती ठाऊकच नाही. तो थांबतो, आणि लिनक्स प्रोग्रामला संपवते.

६/ येथे एक फसवी जागा आहे. कम्पायलरला 'व्ही६ साठीच सूचना काढ' असे बजावले, तरी प्रोग्राम कोसळू शकतो. कारण प्रत्येक प्रोग्रामच्या आरंभी एक तयार तुकडा जोडला जातो आणि 'मेन' ला हाक मारण्याचे काम तो करतो. तो तुकडा व कम्पायलरसोबत आलेली ग्रंथालये आधीच व्ही७ साठी बांधलेली असतात. मग आपली पहिली ओळ येण्यापूर्वीच खेळ संपतो. उपाय एकच: अवजारे आणि ग्रंथालये, दोन्ही लक्ष्याच्या पिढीची घ्यावीत.

७/ क्रमांक ७, म्हणजे बस एरर. या नावामागे १९७० च्या दशकातील पीडीपी-११ आहे. तेथे दोन बाइटचा शब्द विषम पत्त्यावरून वाचू गेल्यास यंत्र अडवी. इंटेलचे प्रोसेसर असे वेडेवाकडे वाचन मुकाट्याने निभावून नेतात. जुने आर्म व्ही५ प्रोसेसर त्याहून घातक वागत: बाइट फिरवून चुकीचाच आकडा हाती देत. व्ही६ पासून साधे वाचन चालू लागले, तरी एकदम दोन शब्द उचलणाऱ्या काही सूचना आजही अडतात.

८/ क्रमांक ११, म्हणजे सेगमेंटेशन फॉल्ट, परक्या मेमरीला हात लावणे. त्याचे एक खास कारण ब्राउझरांत सापडते. २००८ साली गूगलचे व्ही८ आणि वेबकिटचे नवे इंजिन जावास्क्रिप्टपासून चालत्या क्षणी यंत्रसूचना घडवू लागले. १९४४ च्या हार्वर्ड मार्क १ मध्ये सूचना कागदी फितीवर आणि आकडे निराळ्या जागी असत. आर्ममध्येही सूचनांची व विदेची कॅश वेगळी असते, आणि नवी सूचना लिहिल्यावर कॅश ताजी करण्याची आज्ञा प्रोग्रामनेच द्यावी लागते. इंटेल हे स्वतः करतो. ती आज्ञा राहिली, तर प्रोसेसर शिळ्या सूचना चालवतो. कधी ४, कधी ११, कधी काहीच नाही. डीबगर जोडल्यावर तर दोष अनेकदा लपून बसतो.

९/ क्रमांक ९, म्हणजे 'किल्ड'. यात ब्राउझरचा दोष असेलच असे नाही. मेमरी संपत आली, की लिनक्सचा कर्नल जड प्रोग्राम निवडून मारतो. त्याची नोंद कर्नलच्या रोजनिशीत सापडते. ती न पाहता कोडमध्ये दोष शोधत बसणे म्हणजे दिवस वाया घालवणे.

१०/ चौकशीची रीतही ठरलेली आहे. खुणा असलेली पूर्ण प्रत यजमानावर ठेवावी, हलकी प्रत लक्ष्यावर पाठवावी. दोन्ही एकाच बांधणीच्या असाव्यात. लक्ष्यावर जीडीबीसर्व्हर चालवून यजमानावरून जोडावे. कोसळण्याची नेमकी सूचना पाहावी. 'रीडएल्फ' या अवजाराने प्रत्येक ग्रंथालय कोणत्या पिढीचे आहे ते तपासावे. कोड वाचण्याची पाळी त्यानंतर येते.

११/ आता पुन्हा पायकडे. डेबियनची जुनी 'आर्मएल' आवृत्ती त्यावर चालत होती, पण दशांशांची गणिते यंत्रातील खास विभागाऐवजी सॉफ्टवेअरने करीत होती, म्हणून मंद होती. नवी आवृत्ती वेगवान, पण पायवर कोसळणारी. तेव्हा माइक थॉम्पसन आणि पीटर ग्रीन यांनी तिसरी वाट धरली: सारे डेबियन व्ही६ साठी, यंत्रातील दशांश-विभाग वापरून, पुन्हा बांधायचे. जून २०१२ मध्ये ३५ हजारांहून अधिक पॅकेजांची पहिली बांधणी पुरी झाली. तेच रास्पबियन. सप्टेंबर २०१४ मध्ये पायसाठी खास सुधारलेला एपिफनी ब्राउझर याच पायावर उभा राहिला.

१२/ 'किमान कोणते यंत्र चालेल?' हा कम्पायलरच्या मांडणीतला एक शब्द. तो बदलला, की लाखो चालती यंत्रे एका रात्रीत जुनी ठरतात. डेबियनचा निर्णय चुकीचा नव्हता. नव्या यंत्रांना त्याने वेग दिला. पण ३५ डॉलरांच्या यंत्राने शिकणारे मूल त्या रेषेच्या अलीकडे राहिले होते. ती रेषा कोणी आखली आणि तिच्या बाहेर कोण उरले, हे विचारणे हे इतिहासाचेच काम आहे.