क्षय नव्हे, मग कोण?

पोटात मुरडा येतो, ढाळ थांबत नाहीत, बारीक ताप राहतो आणि माणूस दिवसेंदिवस झिजत जातो. असा रोगी पाहिला की पूर्वीचे डॉक्टर बहुधा एकच निदान करीत: आतड्याचा क्षय. पुष्कळदा ते खरेही असे. पण काहींच्या आतड्यांत क्षयाचे जंतू शोधूनही सापडत नसत. मग हा रोग तरी कोणता?

ग्लासगोचे शस्त्रवैद्य डॅल्झिएल यांनी १९१३ सालीच असे काही रोगी पाहून लिहिले, की हा क्षयासारखा दिसतो खरा, पण क्षय नव्हे. त्यांच्या लेखाकडे फारसे कोणी वळून पाहिले नाही.

पुढे न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय इस्पितळात हे कोडे पुन्हा पुढे आले. डॉ. बर्ग शस्त्रक्रिया करीत. कापून काढलेली आतडी गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर हे तरुण डॉक्टर बारकाईने तपासत. डॉ. बरिल क्रोन यांच्याकडेही असेच रोगी होते. तिघांनी मिळून १९३२ साली १४ रोग्यांची हकिगत प्रसिद्ध केली. लहान आतड्याचा शेवटचा भाग सुजतो, आत व्रण पडतात, भिंत जाड होऊन वाट अरुंद होते. आणि क्षयाचा मागमूस नाही! बर्ग यांनी लेखावर आपले नाव घालू दिले नाही. उरलेली तीन नावे वर्णानुक्रमाने छापली गेली. क्रोन पहिले आले आणि रोग ‘क्रोनचा’ झाला. श्रम अनेकांचे, नाव एकाचे. इतिहासात असे नेहमीच घडते.

पण वाचकहो, नावापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे त्यांनी केलेली निवड. दोन सारख्या दिसणाऱ्या रोगांत त्यांनी रेघ ओढली. आपल्या देशात क्षय अजून आहे, म्हणून ही रेघ आपल्याला फार मोलाची. क्रोनच्या रोग्याला क्षयाची औषधे दिली तर महिने वाया जातात आणि आतडे बिघडतच राहते. उलट, क्षयाच्या रोग्याला क्रोनच्या रोगावरील स्टेरॉइड दिले, तर शरीराची प्रतिकारशक्ती दबते आणि क्षय फोफावतो.

तेव्हा दुखणे लांबले, वजन घटू लागले, तर ‘उष्णता झाली असेल’ म्हणून घरी बसू नका. डॉक्टर दुर्बिणीने आतडे पाहून तुकडा तपासायला सांगतील, तर भिऊ नका. गुरुजनहो, एवढे गावात अवश्य सांगा. नीट ओळखलेला रोग अर्धा आटोक्यात आलेला असतो.