भाऊजी, ओढलंत कशाला?

माझ्या हातून आजवर निसटलेल्या गोष्टींची यादी केली तर लेजरचं एक पान सहज भरेल. आठ-सातची लोकल, दोन बढत्या, दर पावसाळ्यात एक छत्री. त्या यादीत मासा मात्र नव्हता. तो २०२४च्या जूनमध्ये, पहाटे पावणेपाचच्या सुमारास, अमेरिकेतल्या केप कॉडच्या कालव्यावर माझ्या नावे पडला.

निसटलेला मासा नेहमी मोठाच असतो, असं जग म्हणतं. मी आकड्यांवर पोट भरणारा माणूस आहे. खोटी नोंद करणार नाही. मासा केवढा होता ते मला ठाऊक नाही. मी फक्त आवाज ऐकला. भरल्या विहिरीत कुणी वरवंटा टाकावा तसा आवाज झाला, पाणी उसळलं, मी जिवाच्या आकांतानं काठी मागं ओढली आणि तीन गळ लावलेला तो लाकडी मासा सूं करत माझ्या कानाजवळून मागच्या दगडांवर जाऊन आपटला.

"भाऊजी, ओढलंत कशाला?" मेहुणे ओरडले.

"अरे, मासा आला ना!"

"आला. पण धरला कुठं होता अजून?"

आमचे हे मेहुणे, म्हणजे हिचे धाकटे बंधू, बरीच वर्षं मॅसॅच्युसेट्स राज्यात असतात. संगणकात काहीतरी करतात. ते नेमकं काय करतात ते मला कळत नाही आणि मी बँकेत काय करतो ते त्यांना कळत नाही. त्यामुळे आमचे संबंध उत्तम आहेत. त्यांना नाद एकच, स्ट्राइप्ड बास. हा पट्टेरी मासा आपल्या रायगडच्या जिताड्याच्या अंगकाठीचा, पण कुळ वेगळं. रुपेरी अंगावर सात-आठ काळ्या रेघा, आडव्या, सरळ, लेजरच्या कागदासारख्या. पाहताक्षणी मला तो आपल्या खात्यातला वाटला.

कालवा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे शेताला पाणी देणारा कालवा होता. हे प्रकरण निराळं. १९१४ साली खुला झालेला हा कालवा जहाजं नेतो आणि भरती-ओहोटीप्रमाणे सहा-सहा तासांनी उलटा वाहतो. काठानं पहाटे चार वाजता सायकलींची रांग लागते. प्रत्येक सायकलला काठ्या बांधलेल्या. डोंबिवली स्टेशनच्या बाहेर यापेक्षा शांतता कमी आणि गांभीर्यही कमी असतं.

लहानपणी मी आजोळी खाडीवर गरवायला जात असे. दोरी, गरी आणि गरीला कोळंबी, एवढंच भांडवल. इथं आमिष खाण्याचं नव्हतंच. पाण्यावर तरंगणारा लाकडाचा मासा. त्याला हे लोक 'प्लग' म्हणतात. (मी आधी बॅगेतून चार्जर काढून दिला.) तो दूर फेकायचा आणि काठीचं टोक थरथरवत असा आणायचा की जखमी मासोळी पाण्यावर तडफडतेय असं खालच्याला वाटावं. खालचा येतो, आवाज करतो, आणि तिथंच माझ्यासारखा घात करून घेतो.

मेहुण्यांचं म्हणणं असं : आवाजावर ओढायचं नाही. पट्टेरी मासा पुष्कळदा आधी शेपटीनं तडाखा देऊन भक्ष्याला गुंगी आणतो आणि मग तोंडात घेतो. शिवाय खालून धडक मारताना त्याच्याच पाण्याचा लोंढा तरंगता प्लग बाजूला ढकलतो. म्हणजे पहिला आवाज ही केवळ चौकशी असते. खातं उघडलेलं नसतं. तेव्हा आवाज झाला तरी हात चालू ठेवायचा, प्लग तसाच तडफडवत राहायचा. मासा परत येतो. काठीला वजन लागलं, दोरी भरली, की मगच काठी एका बाजूला रेटायची. झटका नाही. आणि एकदा लागला की दोरी क्षणभरही सैल सोडायची नाही. पळू द्यायचं, पण रिळाचा ब्रेक त्याच्या मानेवर ठेवून.

"म्हणजे वसुलीसारखं," मी म्हणालो. त्यांना ते समजलं नाही.

त्या दिवशी घरी येऊन मी त्यांची माशांवरची पुस्तकं चाळली. मासा हुकलेला माणूस इतिहासाकडे वळतो. परीक्षेत हुकलेला कॉमर्सकडे वळतो, तसंच. आणि गंमत अशी की चारशे वर्षांच्या त्या इतिहासात मला जागोजागी मीच भेटलो. आवाज ऐकला की ओढ!

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला कॅप्टन जॉन स्मिथ या किनाऱ्यावर आला. त्यानं लिहून ठेवलं की बास इतका दाट, की त्याच्या पाठीवरून पाय न भिजवता चालत जावं. असा ढीग दिसल्यावर गोऱ्या वसाहतवाल्यांनी काय केलं? खत म्हणून शेतात घातला. शेवटी १६३९ साली मॅसॅच्युसेट्स बेच्या सरकारला कायदा करावा लागला की कॉड आणि बास हे मासे खतासाठी वापरू नयेत. पुढं १६७० साली शेजारच्या प्लिमथ वसाहतीनं केप कॉडवरच्या बास, मॅकरेल आणि हेरिंगच्या उत्पन्नातून मोफत शाळेला पैसे दिले. माशावर शाळा चालवणाऱ्या त्या मंडळींबद्दल माझा आदर एकदम वाढला. आमच्या शाळेत मास्तर मासे घ्यायला पाठवत, तेही मुलांच्या पैशानं.

नंतर आले श्रीमंत. १८६०च्या दशकात न्यूयॉर्कच्या धनवंतांनी कटीहंक बेटावर बास क्लब काढला. खडकांवरून समुद्रात फळ्या टाकलेल्या, फळीच्या टोकाला शेठजी, आणि गळाला आमिष लावून द्यायला पगारी माणूस. आमिष कसलं? लॉबस्टरच्या शेपटीचं! खाणाऱ्यापेक्षा खाद्य महाग, हा प्रकार मी फक्त ग्राहक मेळाव्यात पाहिला होता. पण शतक संपता संपता मासाच कमी झाला आणि त्या फळ्या रिकाम्या पडल्या.

लाकडी मासा याच सुमारास जन्माला आला, पण समुद्रापासून फार लांब. मिशिगनमधल्या डोवॅजियॅक गावचे जेम्स हेडन नावाचे गृहस्थ तळ्याकाठी लाकडाचा तुकडा तासत बसले होते. तो पाण्यात टाकला आणि मासा त्याच्यावर तुटून पडला, अशी कथा सांगतात. त्यांच्या कारखान्याचा 'झारा स्पूक' हा डावी-उजवीकडे ठुमकत चालणारा प्लग जगप्रसिद्ध आहे. फ्लॉरिडातल्या पेन्साकोलाच्या ज्या रस्त्यावरून त्याला नाव मिळालं म्हणतात, तिथली चाल कोणाची होती हे मेहुण्यांनी हिच्यासमोर सांगितलं नाही.

या कालव्यावर मात्र देव दोन. एक स्टॅन गिब्ज. त्यांचे लाकडी प्लग इतके चालले की काठावर बझर्ड्स बेला त्यांचा पुतळा आहे. दुसरे बॉब पाँड. दुसरं महायुद्ध संपत असताना त्यांनी 'अ‍ॅटम' नावाचा प्लग काढला. तो धडाक्यानं खपला. धंदा म्हणजे मासे पकडायची अवजारं विकणं. असा माणूस काय करेल? जास्त विकेल. पण या गृहस्थांच्या ध्यानात आलं की मासा घटतोय. त्यांनी 'स्ट्राइपर्स अनलिमिटेड' ही संस्था काढली, नदीनदीवर जाऊन अंडी तपासली आणि मासा का कमी होतोय याचा शोध घेण्यात पुढची कित्येक वर्षं घातली. स्वतःच्याच गिऱ्हाइकांना 'जरा थांबा' म्हणणारा दुकानदार मी दुसरा पाहिलेला नाही.

थांबलं तर हा मासा काय करतो, त्याचा पुरावा समोर होता. १८७९ साली न्यू जर्सीच्या नदीतून १३२ लहान बास आगगाडीनं देश ओलांडून कॅलिफोर्नियात नेऊन सोडले. १८८२ला आणखी सुमारे तीनशे. वीस वर्षांत तिथं व्यापारी जाळ्यांतून वर्षाला दहा लाख पौंडांहून जास्त बास निघू लागला. मी चक्रवाढीच्या कोष्टकानं हिशेब करून पाहिला. असं व्याज देणारी योजना निघाली तर मी स्वतः रांगेत उभा राहीन.

पण पूर्वेकडे लोक मुद्दल खात होते. हा मासा समुद्रात राहतो आणि बाळंतपणाला माहेरी, गोड्या नदीत जातो. (जिताडा नेमका उलट : राहतो नदी-खाडीत, आणि अंडी घालायला खाऱ्याकडे.) सगळ्यात मोठं माहेर चेसापीकचा उपसागर, आणि तिथंच जाळी लावलेली. १९७३ साली व्यापाऱ्यांनी सुमारे दीड कोटी पौंड बास पकडला. १९८३ साली पस्तीस लाख. मग १९८४ला वॉशिंग्टननं कायदा केला. मेरीलँडनं १९८५च्या पहिल्या तारखेपासून पट्टेरी मासा पकडणं साफ बंद केलं. खातंच गोठवलं! इतर राज्यांनी आकाराची मर्यादा अशी वाढवत नेली की १९८२ साली जन्मलेल्या माद्यांपैकी शंभरात पंच्याण्णव एकदा तरी अंडी घालून मोकळ्या होतील.

पाच वर्षं. ज्यांचं घर त्या माशावर चालत होतं त्यांनी त्या पाच वर्षांत काय खाल्लं असेल, हा विचार माझ्या मनातून गेला नाही. बंदी उठवायची तर मेरीलँडच्या पिल्लांच्या मोजणीची तीन वर्षांची सरासरी आठच्या वर हवी होती. १९८७ आणि १९८८चे आकडे रडके. १९८९ला एकदम २५.२! सरासरी पास. पहिल्या दोन चाचण्यांत दांडी आणि वार्षिकला डिस्टिंक्शन, अशी मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्या प्रगतिपुस्तकाकडे बाप जसा पाहतो तसं शास्त्रज्ञांनी पाहिलं असावं. १९९०ला मासेमारी जपून सुरू झाली आणि १९९५ला मासा पूर्ववत झाल्याचं जाहीर झालं.

त्यानंतर पुन्हा आवाज, पुन्हा ओढ. २०१९च्या अहवालात मासा मर्यादेपलीकडे उपसल्याचं निघालं. २०२३ला हौशी लोकांसाठी नियम झाला : दिवसाला एक, आणि तोही २८ इंचांहून कमी नको, ३१हून जास्त नको.

चौथ्या पहाटे मी पुन्हा त्याच दगडावर. मेहुण्यांनी प्लगचे तिहेरी गळ काढून शेपटीला एकेरी लावला होता. सोडायला सोपा पडतो, म्हणाले. पाण्यावर धुकं. फेकला, थरथरवत आणला. वरवंटा पडला! माझ्या हातांनी ओढायचं ठरवलंच होतं. मी दात आवळले आणि हात चालू ठेवला. दुसरा तडाखा. अजून वजन नाही. मेहुणे श्वास रोखून पाहत होते. तिसऱ्यांदा आवाज जवळजवळ झालाच नाही, नुसती काठी जड झाली.

किती वेळ गेला ते सांगता येत नाही. दगडांपाशी आला तेव्हा सात रेघा स्पष्ट मोजता आल्या. मेहुण्यांनी पट्टी लावली.

"चौतीस," ते म्हणाले.

"एकतीस करता नाही येणार?"

आयुष्यभर दुसऱ्यांना 'नियमात बसत नाही' असं सांगितलेल्या माणसानं हे विचारलं. मेहुण्यांनी उत्तर दिलं नाही. मी मासा दोन्ही हातांनी पाण्यात धरला. तो जरा वेळ तसाच राहिला, कल्ले हलवत, आणि मग माझ्या तोंडावर पाणी उडवून गेला.

घरी ही आणि मेहुण्यांची बायको वाटण करून बसल्या होत्या. "कुठाय मासा?" हिनं विचारलं.

"सोडला. तीन इंच जास्त होता."

तिनं माझ्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, आणि फ्रीजरमधून गोठवलेल्या सुरमईचं पाकीट काढून कोमट पाण्यात टाकलं.