तब्येतीची निगा (दादर, गिरगाव, गिरणगाव)

स्वतःच्या शरीराची आणि मनाची रोजची काळजी घेण्याचा मध्य व दक्षिण मुंबईतील मराठी वस्त्यांचा रिवाज. फेरी, तालीम, पोहणे, योगासने, तेलमालीश आणि कट्ट्यावरच्या गप्पा हे त्याचे मुख्य प्रकार. या वस्त्यांत ही निगा बहुतांशी घराबाहेर आणि चारचौघांत घेतली गेली. कारण उघड आहे. १९२०च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे बांधलेल्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची, शौचालय मजल्यावर सामाईक. तिथे जोर-बैठका काढायला जमीनच मोकळी नसे. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येतही स्वतःची काळजी ही केवळ व्यक्तीची गोष्ट नाही; कुटुंब आणि समुदायही तीत येतात. चाळकऱ्यांना हे कुणी सांगावे लागले नाही.

शास्त्राधार जुना आहे. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’तील सूत्रस्थानाचा दुसरा अध्याय दिनचर्येचाच. अंगाला रोज तेल लावावे, त्यातही डोके, कान आणि तळपाय यांना विशेष, असे तो सांगतो. व्यायाम मात्र अर्ध्या शक्तीनेच करावा, अशी त्याची मर्यादा आहे. शहरात रोजचा अभ्यंग दिवाळीच्या पहाटेपुरता उरला. उरलेले काम गिरगाव चौपाटीवरच्या मालीशवाल्यांनी केले. अर्ध्या शक्तीचा नियम मात्र नव्या वर्षाच्या उत्साहात धावायला निघणारे आणि आठवड्याभरात गुडघा धरून बसणारे आजही मोडतात.

या रिवाजाचे सर्वांत ठळक ठिकाण म्हणजे दादरचे शिवाजी पार्क. मुंबई महापालिकेने १९२५ साली हे मैदान खुले केले, तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क होते. नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने १९२७ साली त्याला शिवरायांचे नाव मिळाले. मैदानाभोवतीचा बुटका, सलग कट्टा सुमारे १.१७ किमी लांबीचा आहे. झपझप चालणाऱ्याला एक फेरी पुरी करायला बारा-तेरा मिनिटे लागतात. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, ही आरोग्य संघटनेची शिफारस इथल्या मापात मांडली तर रोज दोन फेऱ्या आणि रविवारी सुट्टी, असा हिशेब होतो. शिफारस पाळली जाते ती मात्र सोबतीच्या जोरावर. ठरलेल्या वेळी ठरलेली मंडळी भेटतात, एखादा दिसला नाही तर घरी फोन जातो. फेरीनंतर कट्ट्यावर बसून क्रिकेट, राजकारण आणि साखरेचे ताजे आकडे यांची चर्चा होते. ही बैठक फेरीइतकीच औषधी मानायला हरकत नाही. तिच्यामागोमाग येणारा बटाटावडा तेवढा हिशेबात धरावा.

याच मैदानाच्या कडेला श्री समर्थ व्यायाम मंदिर आहे. व्यायाममहर्षी पु. ल. काळे गुरुजींनी १९२५ साली ते स्थापन केले. मल्लखांब हे त्याचे वैशिष्ट्य. मुलींचा दोरीचा मल्लखांब आणि दृष्टिहीनांना दिलेले प्रशिक्षण यांमुळे व्यायाम हा केवळ धडधाकट पुरुषांचा प्रांत आहे, ही समजूत इथे मोडीत निघाली. येथील प्रशिक्षक उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री जाहीर झाली. पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा फेब्रुवारी २०१९ मध्ये शिवाजी पार्कवरच झाली. गिरगावकरांची वाट थोडी वेगळी: स्वामी कुवलयानंदांच्या कैवल्यधामाची शाखा १९३०च्या दशकात मरीन ड्राइव्हवर आली आणि योग हा वैद्यकीय अभ्यासाचा विषय म्हणून नोकरदारांच्या वेळापत्रकात बसला.

लालबाग-परळमध्ये तालमीला वेगळेच वजन होते. गिरणीत पाळी करून आलेला कोकणचा किंवा घाटावरचा तरुण तिथे घाम गाळी, पण तिथेच त्याला गाववाले, नोकरीची खबर आणि अडीनडीला आधारही मिळे. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी गिरणगावच्या सामाजिक आणि राजकीय जीवनातले व्यायामशाळांचे हे स्थान नोंदवले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या ओस पडत गेल्या आणि पाळीचे घड्याळही गेले. त्या घड्याळावर बेतलेली तालमीची वेळ टिकणे कठीणच होते. पुनर्विकासाच्या इमारतींत आता जिम असते. तिची यंत्रे चांगली असतात, पण आज का आला नाहीस, हे विचारणारा उस्ताद तिथे नसतो.

या सगळ्या परंपरेतली मोठी उणीव बायकांची. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या पहाटे चुलीपाशी बसत आणि रात्री शेवटचा डबा घासून उठत. फेरी, तालीम किंवा मालीश यांपैकी काहीही त्यांच्या दिवसात मावणारे नव्हते. त्यांना व्यायामाचा सल्ला देणे म्हणजे थट्टाच झाली असती. आधी सावकाराचे आणि वाण्याचे देणे फिटायला हवे होते. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाची सुरुवात केली, ती या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून देऊन.