बर्नस्टाइनच्या दोन शाळा

संगीत शिकू पाहणाऱ्या अठरा वर्षांच्या अमेरिकन मुलापुढे एक जुना पेच असतो : कॉन्झर्वेटरीत जावे की लिबरल आर्ट्‌स कॉलेजात? एकीकडे दिवसाचे बहुतेक तास रियाजाला. दुसरीकडे संगीताच्या जोडीला साहित्य, तत्त्वज्ञान, इतिहास.

हा पेच वाटतो तेवढा अलीकडचा नाही. ‘कॉन्झर्वेटरी’ या शब्दाचे मूळ सोळाव्या शतकात स्थापन झालेल्या नेपल्सच्या अनाथाश्रमांत आहे. पोरक्या मुलांना उपजीविकेचे साधन म्हणून तेथे पुढे गायन-वादन शिकवले जाऊ लागले. मध्ययुगीन विद्यापीठांत मात्र संगीत हे अंकगणित, भूमिती आणि खगोलशास्त्र यांच्या पंक्तीत बसले होते. तेथे महत्त्व गाण्याला नव्हते, स्वरांमागील गुणोत्तरे जाणण्याला होते. एका परंपरेत संगीत हे कसब, तर दुसरीत ज्ञानविषय.

लेनर्ड बर्नस्टाइन (१९१८-१९९०) या दोन्ही परंपरांतून गेला. १९३५ साली तो हार्वर्डमध्ये दाखल झाला. तेथे वॉल्टर पिस्टनसारखे संगीताचे अध्यापक होते, तसेच सौंदर्यशास्त्र शिकवणारे डेव्हिड प्रॉलही होते. पियानोची तालीम मात्र तो बाहेर खाजगी शिकवणीतून घेत होता. १९३९ मध्ये पदवी मिळाल्यावर तो फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूटमध्ये गेला. १९२४ साली स्थापन झालेली ही संस्था विद्यार्थ्यांकडून शिक्षणशुल्क घेत नसे. तेथे फ्रिट्झ राइनर या कडक शिस्तीच्या गुरूकडे तो वाद्यवृंद-संचालन शिकला.

१४ नोव्हेंबर १९४३ रोजी ब्रूनो वॉल्टर आजारी पडले आणि पंचवीस वर्षांच्या या साहाय्यक संचालकाला तालमीविना न्यूयॉर्क फिलहार्मोनिकपुढे उभे राहावे लागले. कार्यक्रम देशभर रेडिओवर ऐकला गेला आणि बर्नस्टाइन नावारूपाला आला. त्या दिवशी उपयोगी पडले ते कर्टिसचे कसब.

हार्वर्डच्या शिक्षणाला फळ यायला मात्र तीस वर्षे लागली. १९७३ साली तेथील नॉर्टन अध्यासनावरून त्याने सहा व्याख्याने दिली. हे अध्यासन मुळात काव्याचे, ही बाब साहित्याच्या अभ्यासकांनी ध्यानात घ्यावी. चॉम्स्कीच्या भाषाविज्ञानाच्या आधारे संगीताचे व्याकरण मांडण्याचा तो प्रयत्न होता. त्यातील साधर्म्ये ओढूनताणून आणलेली आहेत, अशी टीका झाली आणि ती निराधार नव्हती. पण याच व्याख्यानांनी चालना मिळून संगीतकार फ्रेड लर्डाल आणि भाषावैज्ञानिक रे जॅकेनडॉफ एकत्र आले. १९८३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ आज संगीत-सिद्धान्ताच्या अभ्यासात पायाभूत मानला जातो.

यावरून ‘दोन्ही करावे’ असा सोपा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. बर्नस्टाइनला सहा वर्षे मिळाली आणि हार्वर्डच्या काळातही त्याचा हात चालता राहिला. सर्वांना हे जमत नाही. बोटांना वय असते, हे प्रत्येक वादक जाणतो; म्हणूनच कॉन्झर्वेटरीचा आग्रह खरा आहे. परंतु प्रश्न विचारण्याच्या सवयीलाही वय असते, हे आपण सहसा मान्य करीत नाही. ‘वाचन काय, पुढे होईल’ असे म्हणणाऱ्याचे ते बहुधा होत नाही.

विद्वानाला आपण ‘बहुश्रुत’ म्हणतो. त्याचा मूळ अर्थ ‘पुष्कळ ऐकलेला’. ऐकणे आणि जाणणे यांची ताटातूट त्या शब्दाने तरी केलेली नाही.