गाडीचे चाक आणि गाडीवानाचा खांदा

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह यांची आठवण होते. परंतु राजाच्या पागेला वैरण कोणी पोचविली, रयतेचे धान्य पेठेपर्यंत कोणी ओढून नेले, हा प्रश्न बखरकाराने क्वचितच विचारला. आम्ही कामगार चळवळीत वाढलेली माणसे. आमचे शिक्षण उसाच्या फडात आणि वजनकाट्यावर झाले. म्हणून सातारा-सांगलीच्या इतिहासाकडे आम्ही बैलगाडीच्या साट्यावर बसून पाहणार आहोत, याचे श्रोत्यांनी नवल मानू नये.

बैलगाडी अनादि काळापासून प्रत्येक शेतकऱ्याच्या दारी उभी होती, असा समज आहे. तो खरा नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी देशावरचा माल मुख्यतः लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून जाई. ज्या थोड्या गाड्या होत्या त्या भरीव चाकांच्या आणि अवजड. १८३६ च्या सुमारास इंदापूरच्या जमीनमोजणीशी संबंधित असलेले गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट गेसफर्ड यांनी सोलापूर जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे हलकी, सुधारलेली गाडी तयार करविली. मागून सडका आल्या. १८८० नंतरच्या दशकात पुणे-मिरज लोहमार्ग झाला. रेल्वे आली म्हणजे गाडी संपेल असे कोणास वाटेल, झाले उलटे. आगगाडी स्टेशनापर्यंतच येते. कऱ्हाड, ताकारी, मिरज अशा स्टेशनांपर्यंत गूळ आणि हळद आणावयाची तर बैलगाडीच हवी. गाड्या वाढल्या त्या अशा.

ही गाडी कारखान्यातून येत नसे. शेतकरी आपल्या बांधावरची बाभळ तोडून वाळवी आणि गावचा सुतार तुंबा, आरे व पुठ्ठे घडवी. लोहार गोवऱ्यांच्या जाळात लोखंडी धाव लाल करी, ती चाकावर बसवी आणि वरून पाणी ओती. निवताना धाव आवळे आणि साऱ्या लाकडाला एकजीव करी. औताची डागडुजी बलुत्यात होई. नव्या गाडीची मजुरी मात्र निराळी ठरे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ग्रामव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला, त्याला नाव दिले ‘गाव-गाडा’. गावाला उपमा सापडली तीही गाडीचीच!

१९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि लोखंडी नांगर कारखान्यात होऊ लागला. नांगर कारखान्यात गेला. गाडी मात्र पुष्कळ वर्षे गावातच राहिली. कारण प्रत्येक मुलखाचे ओझे निराळे. माण, खटाव, आटपाडी, जत या अवर्षणाच्या तालुक्यांत शाळूचा कडबा हेच धन. कडबा वजनाला हलका, पण पसाऱ्याला मोठा. त्यासाठी साट्यावर वासे बांधून गाडी रुंद करावयाची, पेंढ्या बाहेर बुडखे व आत शेंडे अशा रचावयाच्या, आणि वरून नाडा आवळावयाचा. खालून पेंढी फेकणारा आणि वर रचणारा यांचा मेळ चुकला की पहिल्याच ओढ्यात गाडी कलंडली. ही विद्या कोणत्या पुस्तकात नाही. पण तिच्यावाचून उन्हाळ्यात जनावर जगत नव्हते.

पश्चिमेला कृष्णाकाठी ओझे पालटले. १९५० नंतर सहकारी साखर कारखाने उभे राहू लागले; वसंतदादा पाटील यांच्या पुढाकाराने सांगलीला, तसेच रेठरे बुद्रुकला, पुढे साखराळ्याला. ऊस हा कडब्यासारखा नव्हे. तो अंगानेच जड. लाकडी चाकाच्या जागी रबरी टायर आले, आणि ‘टायरगाडी’ हा शब्द रूढ झाला. मऊ रस्त्यात लोखंडी धाव रुतते, टायर रुतत नाही. म्हणून तीच बैलजोडी कितीतरी अधिक माल ओढू लागली. बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे एन. एस. रामस्वामी यांनी १९७० नंतर देशातील सुमारे दीड कोटी बैलगाड्यांकडे सरकारचे लक्ष वेधले. गाडी सुधारा, हे त्यांचे सांगणे रास्तच होते.

परंतु आमचा प्रश्न याच्या पुढचा आहे. चाक सुधारले, त्याचा लाभ कोणाच्या पदरी पडला? गाडीत ऊस अधिक मावू लागला, तसा तो तोडणाराही अधिक तोडू लागला, आणि तीसचाळीस किलोंच्या मोळ्या डोक्यावरून अधिक वेळा चढवू लागला. मजुरी टनावर, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता! गाडी रांगेत उभी राहिली की ऊस वाळतो, वजन घटते. थांबण्याचे तास मात्र कोणत्याच हिशेबात येत नाहीत. बिनब्रेकची टायरगाडी उतारावर बैलांच्या मानेवर येते आणि खांदेसूज होते. हे ध्यानी घेऊन २०२२ साली साखराळ्याच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी जुवाखाली आधाराचे एक जादा चाक बसविले व त्याला ‘सारथी’ असे नाव दिले. मानेवरचे ओझे त्या चाकाने उचलले. शिकलेल्या पोरांनी गावच्या सुताराचा वारसा चालविला, असेच आम्ही म्हणू.

बैलाचा विचार कायद्यानेही केला आहे. १९६५ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ओझ्याच्या जनावराला दिवसात नऊ तासांहून अधिक, किंवा विश्रांतीवाचून सलग पाच तासांहून अधिक, जुंपता येत नाही. पारा ३७ अंशांवर असेल तिथे दुपारी बारा ते तीन जुंपावयाचे नाही. चाक टायरचे की बिनटायरचे, यावरून ओझ्याची मर्यादाही निराळी ठरते. नियम उत्तम आहेत, ते पाळलेही पाहिजेत. पण पहाटे फडात उतरलेली आणि रात्री गव्हाणीच्या रांगेत पेंगणारी बाई किती तास जुंपलेली असते, हे कोणता तक्ता मोजतो?

आता ट्रॅक्टर आले, ट्रॉल्या आल्या, ऊसतोडणी यंत्रेही आली. त्यांना आमचा विरोध नाही. टेंभुर्णीच्या गाडीपासून ‘सारथी’पर्यंत प्रत्येक सुधारणेने ओझे हलके केले, ही गोष्ट खरी. ते कोणाचे हलके झाले, हे मात्र प्रत्येक वेळी नव्याने भांडून ठरवावे लागले. म्हणून आमची मागणी साधी आहे. काट्यावर उसाचे वजन होते, तिथेच रांगेतल्या तासांचीही नोंद व्हावी, आणि त्या तासांचे दाम मिळावे. बैलाला जो न्याय कागदावर का होईना मिळाला, तो त्याच्या मालकालाही मिळावा, यात अधिक ते काय मागितले?